डाग आत, दुखणे बाहेर

अभ्यासिकेच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीपासून उजवीकडे दीड वीत अंतरावर, तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तळहाताएवढा होता. त्याचा मधला भाग भिंतीच्या रंगापेक्षा जेमतेम एक छटा गडद होता, पण कड मात्र कोणीतरी बारीक कुंचल्याने रेखल्यासारखी तपकिरी आणि ठसठशीत होती. बोट फिरवले की मध्यावर गारवा जाणवे आणि कडेवरची पांढरी भुकटी बोटाला लागे. पहिल्या वर्षी मी ती भुकटी फडक्याने पुसली आणि वरून रंगाचा एक हात दिला. दुसऱ्या वर्षी पोपडे खरवडले, लांबी भरली आणि ओल रोखतो म्हणून विकला जाणारा महागडा रंग लावला. तिसऱ्या वर्षी डाग त्या रंगाच्या पट्ट्याला वळसा घालून, थोडा बाजूला, पहिल्यापेक्षा मोठा होऊन उगवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी आजवर इतरांना उद्देशून कितीदा तरी वापरली असेन, पण तीन वर्षे ती माझ्याच भिंतीवर घडत होती आणि मला दिसत नव्हती.

मधल्या काळात ओल तपासणारे म्हणून एक गृहस्थ येऊन गेले. त्यांच्याकडे दोन टोकदार सुया असलेले एक छोटे यंत्र होते. सुया गिलाव्यात रुतवल्याबरोबर यंत्राचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि त्यांनी जमिनीतून ओल चढत असल्याचे निदान करून भिंतीच्या पायथ्याशी छिद्रे पाडून रसायन भरण्याचा सल्ला दिला. माझी अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आहे. जमिनीतली ओल तळमजल्याची आख्खी भिंत कोरडी ठेवून वर कशी आली, हे विचारल्यावर त्यांनी यंत्राकडे पाहिले. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, कारण यंत्र खोटे बोलत नव्हते. ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते एवढेच असे यंत्र मोजते, त्यावरचे आकडे मुळात लाकडासाठी बेतलेले असतात आणि भिंतीत क्षार साचले असतील तर पाणी थोडे असूनही काटा उडी मारतो. भिंतीतले पाणी खरोखर मोजायचे असेल तर तिच्या पोटातला भुसा काढून तो तोलावा लागतो, १०५ अंश सेल्सिअसला सुकवून पुन्हा तोलावा लागतो; किंवा तो बंद भांड्यात कॅल्शियम कार्बाइडमध्ये मिसळून, पाण्याशी संयोग होऊन निघालेल्या ॲसिटिलीन वायूचा दाब पाहावा लागतो. पण हे दोन्ही मार्गसुद्धा पाणी किती आहे तेवढेच सांगतात. ते आले कुठून, हे आपणच शोधायचे असते.

भिंत तीन तऱ्हांनी ओली होते आणि तिन्ही तऱ्हांची लक्षणे वेगळी असली तरी ती एकमेकांची सोंगे घेतात. जमिनीतून चढणारी ओल तळाशी असते, सहसा मीटरभराच्या वर जात नाही आणि भिंतीच्या लांबीभर आडवी रेषा सोडते. खोलीतल्या हवेतले बाष्प थंड पृष्ठभागावर निवळून आलेली ओल कोपऱ्यांत, कपाटामागे, खिडकीच्या काचेभोवती दिसते, तिला रेखीव कड नसते आणि काळी बुरशी बहुधा तिच्यावरच धरते. २० अंश तापमानाची, ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांपर्यंत थंड झाली की पाणी सोडू लागते, एवढे तिचे गणित सोपे आहे. तिसरी ती बाहेरून शिरणारी, झिरपणारी ओल. ती कोणत्याही उंचीवर उगवते, एकटी असते, पावसानंतर वाढते आणि कोरड्या हवेत आक्रसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत शंका असेल तर एक जुनी युक्ती आहे: डागावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी घट्ट चिकटवावा आणि दोन दिवसांनी पाहावे. पाण्याचे थेंब कागदाच्या खोलीकडच्या अंगावर असतील तर ओल हवेतली, भिंतीकडच्या अंगावर असतील तर भिंतीतली.

मी तो कागद लावला आणि थेंब भिंतीकडच्या अंगावर धरले. तरीही प्रकरण वाटले तेवढे सरळ नव्हते. कागद काढल्यावर लक्षात आले की डागाच्या खालच्या भागात काळे ठिपके पण आहेत, म्हणजे तिथे बुरशीही आहे. याचा उलगडा पुढे झाला. कोरडी वीट उष्णता अडवते ती तिच्या रंध्रांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की, पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेत असल्यामुळे, भिंतीचा तेवढा तुकडा शेजारपाजारच्या भिंतीपेक्षा गार पडतो आणि मग खोलीतले बाष्पही नेमके तिथेच येऊन बसते. झिरपणारी ओल अशी दुसऱ्या ओलीला पाहुणी म्हणून बोलावते. बुरशी पाहून खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्ला देणारा चुकत नाही, पण त्याचे निदान अर्ध्यावर थांबलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांतल्या ओलीवर आणि बुरशीवर जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी या दोन्हींचा संबंध स्पष्टपणे मांडला आहे, तेव्हा अर्ध्यावरचे निदान केवळ रंगाचा खर्च वाढवते असेही नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती खरे तर पहिल्याच वर्षी करायला हवी होती. पेन्सिल घेऊन डागाच्या कडेने रेषा ओढली आणि तिच्याशेजारी तारीख लिहिली. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नवी रेषा, नवी तारीख. आणि एका वहीत पावसाचा जोर, वाऱ्याची दिशा आणि डाग फुगायला लागलेला वेळ. पाच-सहा पावसांनंतर भिंतीवर नकाशातल्या उंचीरेषांसारखी वळणे जमली आणि वहीतून एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. दोन दिवस संततधार कोसळलेला, पण सरळ खाली पडणारा पाऊस डागाला जवळजवळ काहीच करत नव्हता. तासभराचा बेताचा पाऊस, पण खिडकीवर समोरून येणाऱ्या वाऱ्यासोबतचा, तो मात्र पाच-सहा तासांत रेषा बोटभर पुढे ढकलत होता. याचा अर्थ पाणी नुसते वरून ओघळून आत येत नव्हते, तर कुठूनतरी आत रेटले जात होते.

पाणी भिंतीत शिरायला तीन गोष्टी एकाच जागी याव्या लागतात: पाणी, फट आणि ते पाणी त्या फटीतून ढकलणारे बळ. यांतली एक जरी काढून घेतली तरी ओल थांबते. फट आपल्या ओळखीची असते; बळाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणारा वारा सुमारे २४० पास्कल दाब देतो आणि तेवढा दाब पाण्याला सुमारे २४ मिलिमीटर वर उचलून धरू शकतो. आपण ज्याला उतार म्हणून निश्चिंत राहतो तो सांध्याजवळ जेमतेम एवढाच उंच असेल, तर वादळी वाऱ्यात पाणी चढाने आत जाते. दुसरे बळ केशाकर्षणाचे. बारीक नळीत पाणी किती चढेल हे नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात ठरते, असा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने १७१८ साली मांडला. त्या हिशोबाने एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते आणि एक शतांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे दीड मीटर. विटेची आणि गिलाव्याची रंध्रे याच मापाची किंवा याहून बारीक असतात. आणि हे झाले गुरुत्वाकर्षणाशी झगडून वर चढण्याचे. आडवे जायचे असेल तर तो झगडाही नाही. म्हणून डोळ्यांत भरणारी रुंद फट पुष्कळदा निरुपद्रवी निघते आणि नखही न शिरणारी केसासारखी चीर मात्र घोट घोट पाणी ओढत राहते.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. रंध्रात ओढलेले पाणी मोकळ्या जागेत उडी मारत नाही. मध्ये पोकळी आली की केशाकर्षणाचा धागा तुटतो. ज्युरिनच्या सतराशे वर्षांहून अधिक काळ आधी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने सतत ओली राहणाऱ्या भिंतीच्या आत थोडे अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभारावी आणि मधल्या पोकळीला खाली व वर हवेची तोंडे ठेवावीत, असे सांगून ठेवले आहे. नियम ठाऊक नव्हता, पण भिंत कशी वागते ते त्याने पाहिले होते. आजच्या पोकळ भिंती याच विचारावर उभ्या आहेत, आणि त्या गळतात तेव्हा बहुतेक वेळा बांधताना पोकळीत सांडलेल्या मसाल्याच्या गोळ्यांनी दोन भिंतींमध्ये पूल बांधलेला असतो.

माझी भिंत मात्र पोकळ नव्हती. ती साधी नऊ इंची विटांची होती. तिची वाट शोधायला मी एका अनुभवी गवंड्याला बोलावले. त्यांनी आत येऊन डागाकडे क्षणभरच पाहिले, आणि "हा इथे निघतोय, इथला नाही," म्हणून थेट बाहेर शिडी लावली. पाण्याची नळी घेऊन त्यांनी जी तपासणी केली तिच्यात हुशारी सगळी क्रमाची होती. सुरुवात तळापासून. डागाच्या बरोबर मागची भिंत वीस मिनिटे भिजवली; आत मी हातात विजेरी घेऊन बसलो होतो, काही झाले नाही. मग खिडकीच्या चौकटीच्या दोन्ही बाजू; तरी काही नाही. मग छज्ज्याचे पोट आणि शेवटी छज्ज्याची पाठ. हीच तपासणी वरून सुरू केली असती तर ओघळाने खालचे सगळेच सांधे भिजले असते आणि आत ओल आली तरी ती कोणत्या सांध्यातून आली हे कळायला मार्ग उरला नसता.

छज्ज्याच्या पोटाखाली पाणी धरल्यावर डाग हलला नाही, पण चौकटीच्या माथ्यावरचे लाकूड काळवंडले, आणि ही गळती आम्हाला ठाऊकच नव्हती. शिडी चढून पाहिले. छज्ज्याच्या पोटात, कडेपासून दोन बोटांवर, एक बारीक खाच सरळ रेषेत काढलेली असते. कडेवरून ओघळलेले पाणी पृष्ठताणामुळे खाली न पडता छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकू लागते; खाचेशी आल्यावर त्याला पुढे जायला वर चढावे लागते, ते जमत नाही आणि ते तिथेच थेंब होऊन पडते. माझ्या छज्ज्याची ही खाच वर्षानुवर्षांच्या रंगकामात लांबीने आणि रंगाने इतकी नीट बुजली होती की ती होती हेही बोट फिरवूनच कळले. प्रत्येक रंगाऱ्याने ती उणीव समजून प्रामाणिकपणे भरली असणार. त्यांना काम चोख करायचे होते. तिच्यातून येणारे पाणी लाकूड मुकाट्याने पीत होते, म्हणून आत डाग पडत नव्हता. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की कुजवणाऱ्या बुरशीला तिथे घर मिळते. इमारतींतले लाकूड पोखरणाऱ्या सर्वांत कुप्रसिद्ध बुरशीचे शास्त्रीय नाव सर्प्युला लॅक्रिमन्स असे आहे आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ रडणारी असा होतो, कारण वाढताना तिच्या अंगावर पाण्याचे थेंब फुटतात. चौकट ठोकून पाहिली तेव्हा सुदैवाने अजून खणखणीत होती.

छज्ज्याच्या पाठीवर पाणी सोडले आणि चाळीस मिनिटांनी आत डागाची वरची कड गडद झाली. छज्ज्याचा उतार बाहेर असायला हवा तो किंचित भिंतीकडे होता, पाणी भिंतीच्या पायाशी उभे राहत होते आणि छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे गिलाव्यात केसभर चीर होती. आत शिरलेले पाणी खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर येई. काँक्रीट विटेपेक्षा घट्ट, त्यामुळे खाली जाण्याऐवजी ते तुळईच्या माथ्यावरून आडवे वाहत तिच्या टोकापर्यंत जाई आणि तुळई संपली की विटांत उतरे. दीड विताचे कोडे असे सुटले. तुळईचे टोक चौकटीच्या बरोबर तेवढेच पुढे गेलेले होते.

छज्ज्याप्रमाणेच कठड्याचा माथा, गच्चीचा आणि कठड्याचा सांधा, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकून रचलेली माती या सगळ्या पाण्याच्या नेहमीच्या वाटा आहेत आणि त्या डोळ्यांनी सापडतात. सपाट गच्चीचा संशय असेल तर तिच्यावर वीतभराहूनही कमी पाणी एक-दोन दिवस कोंडून ठेवून खालून पाहावे. सपाट छप्पर हा मोठमोठ्यांना चकवणारा भाग आहे. ले कॉर्ब्युझिए यांनी १९२९ ते १९३१ या काळात पॅरिसजवळ बांधलेले व्हिला साव्हॉय आधुनिक वास्तुकलेचा मानदंड मानले जाते, पण त्या घराच्या मालकीणबाईंनी १९३० च्या दशकात वास्तुकाराला गळतीबद्दल तक्रारीची पत्रे लिहिली होती.

दुरुस्तीचा पहिला धडा मला विरोधाभासी वाटला. केसभर चीर बुजवण्यासाठी गवंड्यांनी ती छिन्नीने बोटभर रुंद केली. मी हटकले तेव्हा त्यांनी हिशोब सांगितला, आणि तो आजही मला या सगळ्या विद्येचा गाभा वाटतो. छज्जा काँक्रीटचा आणि भिंत विटेची. उन्हात काँक्रीट विटेच्या दीडदोनपट पसरते, म्हणून ही चीर जिवंत आहे, रोज उघडते आणि मिटते. समजा ती रोज पाव मिलिमीटर उघडते. पाव मिलिमीटरच्या चिरेत भरलेल्या मसाल्याला स्वतःच्या दुप्पट ताणावे लागेल, तो तुटणारच. तीच फट दहा मिलिमीटर केली तर त्याच हालचालीला भरणीला फक्त अडीच टक्के ताणावे लागते. फटीच्या तळाशी फोमची दोरी घालून वर लवचीक भरणी केली, ती अशासाठी की भरणी दोन बाजूंच्या भिंतींनाच चिकटावी; तळालाही चिकटली तर ती मोकळी ताणली जात नाही आणि मधोमध फाटते. त्यावर बाहेरच्या उताराचा नवा थर आणि भिंतीशी गोलाई दिली, चौकटीचा माथा भरला आणि बुजलेली खाच खरवडून मोकळी केली. या शेवटच्या कामाला पंधरा मिनिटे लागली.

बाहेरून पाणी झटकणारे सिलेनसारखे रसायन सबंध भिंतीवर मारून टाकावे, असाही सल्ला मला मिळाला होता. ते रसायन वाईट नाही. ते रंध्रांच्या भिंतींना पाणी नकोसे करते आणि वाफेला मात्र बाहेर जाऊ देते. पण ते चीर बुजवत नाही, आणि ज्या विटा पूर्वी थोडेफार पाणी पिऊन घेत त्या आता सगळे खाली सोडतात, म्हणजे चिरेच्या तोंडाशी आधीपेक्षा अधिक पाणी येते. आधी सांधे, मग रसायन, हा क्रम उलटवला तर औषधानेच आजार वाढतो. तसेच जुन्या चुन्याच्या बांधकामात विटांमधले सांधे कडक सिमेंटने भरले तर पाणी सांध्याऐवजी विटेच्या अंगातून बाहेर पडू लागते आणि काही वर्षांत विटेचा चेहराच गळून पडतो. आतल्या बाजूने लावलेल्या ओलरोधक रंगाबद्दल तर मी आता फार कठोर झालो आहे. पाण्याची वाट बाहेर उघडी ठेवून आतले दार लावून घेतल्यासारखे ते आहे. कोंडलेले पाणी बाजूला सरकते आणि दुसरे दार शोधते.

यानंतरचे काम होते वाट पाहण्याचे, आणि तेच सर्वांत अवघड गेले. वीट आपल्या वजनाच्या दहा-वीस टक्के पाणी पिऊ शकते आणि ते परत देण्याची तिला मुळीच घाई नसते. परिस्थिती चांगली असेल तर भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर वाळते, असा ठोकताळा आहे. नऊ इंचांना नऊ महिने. डागाभोवतीचा भुसभुशीत गिलावा हातभर पुढेपर्यंत काढला, उरलेल्या रंगाचे पापुद्रे खरवडले आणि विटा उघड्याच ठेवल्या. दुसऱ्या महिन्यात त्या उघड्या विटांवर कापसासारखा पांढरा लोणा फुलला, आधी कधीही नव्हता इतका. घरातल्यांनी काम फसल्याचे जाहीर केले. खरे तर भिंत वाळत होती. पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जाते आणि वाटेत विरघळवून आणलेले क्षार मागे ठेवते. लोणा वाढणे ही पाणी बाहेर पडत असल्याची खूण असते. हे क्षार दिसायला गरीब असतात, पण त्यांतल्या सोडियम सल्फेटचा निर्जल कण पाण्याचे दहा रेणू धरून नवा स्फटिक बनतो तेव्हा त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते आणि रंध्र आतून फुटते. पोपडे पडतात ते बरेचसे याने. म्हणून लोणा पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून टाकायचा. मी दर रविवारी तो झाडत असे. पहिल्या रविवारी कागदावर मूठभर जमला, आणि महिने सरले तसा चिमूटभर.

गिलावा काढला होता तरी त्याच्या बाहेरच्या अंगाला, जुन्या रंगावर, माझ्या सर्वांत मोठ्या दोन रेषा तारखांसह शिल्लक होत्या. आठव्या महिन्यात एका रात्री तोच वारा समोरून आला. काचा थडथडत होत्या, छज्ज्याच्या कडेवरून पाण्याचा पडदा सुटला होता, आणि विजेरीच्या उजेडात त्या पडद्यामागे, खाचेच्या रेषेतून, थेंबांची दुसरी एक ओळ अगदी सरळ खाली पडताना दिसत होती. पहाटेपर्यंत मी दोनदा विटांवर हात ठेवून पाहिला. सकाळी पेन्सिल घेतली, पण रेषा ओढायला जागाच सापडेना, तेव्हा नुसती तारीख लिहिली.